देवजीच्या घरचा समुद्र

१४ जानेवारी २०१८, मकरसंक्रांत

हे नारायणा, तुझ्या कृपेचा एक थेंब या पानावर पडू दे. मनात जो मळ साठला आहे तो निदान शुद्ध भाषेत उतरावा, एवढीच याचना. दुसऱ्याच्या आनंदाने ज्याचे चित्त पोळत नाही तो तुझा खरा भक्त, हे मी आजवर किती जणांना समजावून सांगितले! आज स्वतःला सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.

विषय असा. देवजी आज पोथीला आला नाही.

देवजी म्हणजे होडीचा जुना तांडेल. जन्म समुद्रावर गेला. होडी विकल्यापासून रोज सायंकाळी सहाला मसोलीला माझ्या ओटीवर येतो, खांबाला पाठ लावून बसतो, आणि मी ओवी उचलली की मान डोलावतो. बाकीचे श्रोते येतात, जांभया देतात, जातात. देवजी ऐकतो. नातीचे नाव काय ठेवायचे — गुरुजींना विचारा. घराचे दार कोणत्या दिशेला काढायचे — गुरुजींना विचारा. मी एक निवृत्त शाळामास्तर. पण त्याच्या 'गुरुजी, तुमीच सांगा' या एका वाक्याने रोज सायंकाळी मी पुन्हा कोणीतरी होतो.

आज तिळगूळ घेऊन त्याची सून निलम आली. म्हणाली, "बाबा नाय येत आज. ह्यांनी मुंबईवरून काचेची टाकी आणलीय, खाऱ्या पाण्याची. दिपकभाई आलेत मांडायला. बाबा तिथून हलतच नाहीत."

कोण हा दिपकभाई?

१६ जानेवारी

स्टेशनजवळचा चष्म्याचा दुकानदार. वय चाळिशीचे. असल्या टाक्या कित्येक वर्षे पाळतो म्हणे. टाकीत रंगीत पोवळी ठेवणार आहेत — जिवंत!

देवजी कालही नाही. आजही नाही.

सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "देवजीभाऊंनी दुसरं लग्न केलं असतं तरी तुम्ही एवढे जळला नसतात."

मत्सर हा षड्रिपूंतला शेवटचा. शेवटचा असून माझ्या दारात पहिला आला.

२८ जानेवारी

न राहवून स्वतः जाऊन पाहिले. खाडीकडच्या आळीत देवजीचे घर. बाहेरच्या खोलीत पूर्वी जिथे जाळे टांगलेले असे तिथे आता टाकी. आत पाणी, चार खडक, वर निळा दिवा. बाकी काही नाही! आणि समोर स्टुलावर देवजी, देवापुढे बसावा तसा.

"हे काय? रिकामीच?"

"रिकामी नाय गुरुजी. पानी पिकतंय."

पाणी पिकते! नव्या पाण्यात जीव टाकला तर मरतो. आधी खडकांत डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्तीला यावे लागतात, ते घाण खातात, मग पाणी निवळते. महिना लागतो, दीड लागतो. तोवर धीर धरायचा. हे सर्व देवजीने मला ऐकवले, आणि दर वाक्याच्या शेवटी — 'दिपक सांगतो'.

मिठाची तर मौजच. मागच्या दारात उभे राहिले तर समुद्र दिसतो; आणि हा गृहस्थ मशीनच्या गोड्या पाण्यात पुड्यातले मीठ कालवून समुद्र तयार करतो! मी म्हणालो, "अरे, एक बादली भरून आण की तिकडून."

"नको. आपला पानी गढूळ, त्यात डिझेल. दिपक सांगतो, त्यात हे जगनार नाय."

आतून निलमचा आवाज आला, "जन्मभर मासे मारले बाबांनी. आता त्यांचे पाय धुतायत!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र वाट लांब वाटली.

११ फेब्रुवारी

आज तयारी करून गेलो होतो. पहिले पोवळे कोणते आणावे यावर बोलणे चालले होते, दिपकही होता. मी सांगितले — प्रवाळ हे नवरत्नांतले एक, मंगळाचे, सागरात जन्मलेले. शास्त्रात रक्तवर्णच श्रेष्ठ मानला आहे. तेव्हा आरंभ लाल पोवळ्यानेच करावा.

दिपकने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "बराबर आहे गुरुजी. पण अंगठीतलं पोवळं म्हणजे त्या जिवाचं हाड. आपल्याला जीव हवाय ना? आणि दगडी जातीचं घरात ठेवायलाच बंदी आहे, कायद्यानं. आपण मऊ जातीचं घेऊ. बिनहाडाचं. नवशिक्याला तेच सांभाळता येतं."

"म्हंजे माझ्यासारखाच," देवजी म्हणाला, "बिनहाडाचा!" आणि हसला.

१२ फेब्रुवारी

तो मला हसला नाही, हे मला समजते. पण हसला.

४ मार्च

आठवडाभर अभ्यास केला. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून पाने छापून घेतली, आणि पोथीसारखीच वाचली — आधी मूळ, मग अर्थ, मग मनन.

कबूल केले पाहिजे, विषय थोर आहे. मशरूम नावाचे एक पोवळे आहे, गोल, चपटे. उजेड कमी असो, पाणी थोडे बिघडलेले असो, कुरकुर करीत नाही. संसारी बाईसारखे. दुसरे झोअँथिड — एका तळातून शंभर फुले फुटावीत तसे. सुंदर, पण अंगात विष, हात लावला की साबणाने धुवावे. तिसरे लेदर म्हणतात ते तर साक्षात विरागी! मनात आले की मिटून घेते, आठ आठ दिवस कोणाला तोंड दाखवीत नाही. मग अंगावरची जुनी त्वचा टाकून देते आणि नव्याने उमलते. चौथे स्टार पॉलिप, हिरव्या गवतासारखे. त्याला वेगळा दगड द्यावा. नाही तर सगळा खडक व्यापून बसते. अहंकारच तो!

काय निरूपण झाले असते यावर! पण ऐकणार कोण? देवजी आता आठवड्यातून दोनदा येतो, आणि आला तरी डोळे घड्याळाकडे. साडेसहाला निळा दिवा मालवायचा असतो.

४ एप्रिल

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेत एकटाच जाऊन आलो. दर वर्षी देवजी बरोबर असतो. यंदा त्याचा 'पाणी बदलायचा दिवस' होता. देवीपुढे उभे राहून मी काय मागितले ते इथे लिहीत नाही.

१८ एप्रिल, अक्षय तृतीया

आज पोवळी आली! आणि माझ्या मुहूर्तावर आली!

दिपकला रविवार सोयीचा होता. दुकान बंद असते. पण देवजी अडून बसला: "गुरुजींनी तीज सांगितलीय. तीजच." बिचाऱ्याने दुकान बंद ठेवले आणि गाडी काढली. देवजी पुढे दिपकजवळ बसला, मी मागे थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन. दोघांचे बोलणे तलासरीपर्यंत संपले नाही. देवजीने मला एकदा विचारले, "मागं गरम होत नाय ना?"

तलासरीला हायवेजवळ दिपकच्या मेव्हण्याचे, विनोदचे, घर. त्याची टाकी भिंतीएवढी. तिच्यातल्या वाढलेल्या पोवळ्यांचे तुकडे कापून तो ओळखीच्यांना देतो. मी चष्मा पुसून जवळ गेलो आणि खरे सांगतो — घटकाभर मत्सर, दिपक, देवजी, सारे विसरलो. वारा नाही, आणि बाग हलते आहे! नारायणा, तुझी ही कला मी इतकी वर्षे न पाहता वर्णिली.

मग निवड सुरू झाली. दिपकने मशरूमचे दोन तुकडे काढले. "हे काका, डोळे मिटून घ्या. याला मारायचं म्हटलं तरी मरत नाही." मग झोअँथिडचा एक दगड. मग लेदर. "हा रुसतो. रुसला तर हात लावायचा नाही, टेन्शन घ्यायचं नाही." एक जागा उरली. दिपक म्हणाला, स्टार पॉलिप.

मी म्हणालो, "ते नको. ते बघ देवजी — बोटे मिटते आहे, उघडते आहे. नमस्कार केल्यासारखे. ते घे."

"झेनिया?" दिपकने मान हलवली. "गुरुजी, ती लहरी आहे. जगली तर सगळी टाकी घेते, बिघडली तर एका दिवसात विरघळून जाते. पहिल्या खेपेला नको."

देवजीने त्याच्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. विनोदची बायको चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी.

"गुरुजी सांगतात तर घेऊ," देवजी म्हणाला.

परत येताना मला मागे गरम झाले नाही.

२० एप्रिल

नावे ठेवली. मशरूम ते छत्रक, झोअँथिड ते शतदल, लेदर तो वैरागी, आणि माझी ती नमस्कारी. देवजी दिपकसमोरही हीच नावे घेतो. निलम सकाळी टाकीत डोकावून म्हणते, "वैरागीबाबा अजून उठले नाहीत वाटतं!"

दोन दिवस चित्त प्रसन्न आहे.

१० मे

फार टिकले नाही. पोवळी उमलली आणि आळी लोटली! संध्याकाळी सहाला, नेमके सहाला, देवजीच्या घरी बायकामाणसे बसायला जागा नाही. मधोमध दिपक, लग्नातल्या भटजीसारखा, हे काय नि ते काय सांगतो आहे.

माझ्या ओटीवर आज एकटी ठकी म्हातारी. अध्याय अर्ध्यावर आला तशी म्हणाली, "गुरुजी, आज वाईच लवकर आवरा. मला पन टाकी बगायला जायाचाय."

२५ मे, अधिक ज्येष्ठ, एकादशी

गेले काही दिवस एक गोष्ट मनात खुपत होती. टाकीतले पाणी रोज थोडे आटते. तेवढे शुद्ध गोडे पाणी वरून घालावे लागते. ते पाणी देवजी ठेवतो कशात? निळ्या प्लास्टिकच्या डब्यात. डबा दिपकचा.

माझ्या आईची तांब्याची घागर माळ्यावर होती. सौ.कडून चिंचेने घासून घेतली. उगवत्या सूर्यासारखी झळाळली. अधिक मासात ताम्रदानासारखे पुण्य नाही, आणि अधिकाचे दान कोणी परत करीत नाही. रिक्षा केली नाही. दान देणाऱ्याने चालत जावे. मसोलीपासून खांद्यावर घेऊन भर उन्हात गेलो. लोक बघत होते, बघू देत.

देवजीपुढे ठेवली. म्हणालो, "आजपासून यात पाणी साठव. ताम्रपात्रातले जल पवित्र. त्या जिवांना प्लास्टिकचे का पाजतोस?"

देवजी स्टुलावरून उठला. घागरीकडे पाहिले. माझ्या घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिले. टाकीकडे पाहिले. मग वाकून माझ्या पाया पडला.

"आत देवघरात ठेवतो, गुरुजी."

देवघरात! आणि दिपकचा डबा मागच्या मोरीवर गेला.

आज अन्न गोड लागले.

८ जून

स्नानसंध्या झाली की मी रोज सकाळी तिकडे जातो. देवजी आतून घागरीतले पाणी तांब्याभर आणतो, माझ्यासमोर हळूहळू टाकीत सोडतो. मी मनातल्या मनात मंत्र म्हणतो. अभिषेकच! या वेळेला दिपक दुकान उघडण्यात गुंतलेला असतो. ही वेळ आमच्या दोघांची आहे.

देवजी हल्ली कमी बोलतो. श्रद्धा वाढली की वाणी कमी होते.

१७ जून

नमस्कारी गेली. काल मिटून होती, आज नुसता पांढरा चिकटा. तलासरीच्या मालातच दोष असणार. विनोदने रोगट तुकडा दिला असेल.

२१ जून

शतदल मिटले ते उघडत नाही. छत्रक — न मरणारे छत्रक! — सुपारीएवढे आकसले आहे. वैरागी एका बाजूला कलंडला. गंमत अशी की मागाहून सोडलेले दोन नारिंगी मासे मजेत फिरताहेत. देवजी काल रात्री जेवला नाही म्हणून निलमने सांगितले. दिपक रोज येतो, पाणी बदलतो, दिवा खाली-वर करतो. त्याला काही कळत नाही. काही म्हणजे काही कळत नाही!

या पानाशी खोटे बोलायचे नाही, म्हणून लिहितो. येताना मी गुणगुणत आलो.

सौ.ने विचारले, "काय गोड बातमी?"

"दिपकभाईची विद्या उघडी पडली."

तिने हातातले वाटण थांबवले. "आणि देवजीभाऊ?"

१ जुलै

दिपकने मुंबईहून कसलेसे परीक्षेचे औषध मागवले होते. आज सर्वांसमोर नळीत टाकीतले पाणी घेऊन त्यात थेंब सोडले. पाण्याचा रंग फिरला. त्याचा चेहराही फिरला.

"तांबं आहे पाण्यात! काका, तांबं! माशांना एवढं काही होत नाही, पण पोवळ्यांना हे जहर आहे. साठत साठत गेलंय. आलं कुठून? घरात तांब्याचं काही —"

मी दारात उभा होतो. माझ्या समोरच देवघराचे दार. लोटलेले. जी जीभ चाळीस वर्षे सत्याचे निरूपण करीत आली ती टाळ्याला चिकटली.

"मीच घातला," देवजी म्हणाला. "होडीचा जुना खिळा होता, तांब्याचा. आठवन म्हनून दगडात खोचला होता. काढला आता."

"काका!" दिपकच्या डोळ्यांत पाणी आले, रागाचे की दुःखाचे कळले नाही. "स्वतःच्या हातानं मारलीत हो तुम्ही."

देवजीने मान खाली घातली. माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

घरी येऊन पहिला विचार मनात आला तो हा — एवढी मोठी गोष्ट या दिपकने देवजीला आधी सांगू नये? ज्या वस्तूने जीव जातात ती पहिल्याच दिवशी सांगायला नको? हा कसला गुरू!

दुसरा विचार नंतर आला. देवजीने माझ्या वाटचा अपराध सर्वांदेखत स्वतःच्या अंगावर घेतला. मी जे व्यासपीठावरून सांगतो ते तो एका वाक्यात करून मोकळा झाला. आणि मला त्याचाही हेवा वाटला! नारायणा, या रोगाला कुठे तळ आहे का?

३ जुलै

सकाळी तिकडे गेलो नाही.

८ जुलै

टाकी धुऊन पुसून, माशांसकट, देवजीने दिपकला देऊन टाकली.

आणि सायंकाळी सहाला ओटीवर आला. खांबाला पाठ लावून बसला. संक्रांतीपासून मी जे मागत होतो ते सगळे माझ्यासमोर बसले होते. ठकीही होती. पोथी उघडली, बोट ओवीवर ठेवले — आणि काढून घेतले. घसा बसला आहे असे सांगून पोथी बांधली.

ठकी म्हणाली, "काढा घ्या." देवजी लगेच उठला नाही. बराच वेळ बसून गेला.

९ जुलै

आज इतर कोणी येण्याआधी सांगून टाकले. "देवजी, खिळा नव्हता. घागर होती. माझी."

"ठाऊक हाय."

"कधी कळले?"

"तुमी आनली तवाच. दिपकने टाकी मांडली त्याच दिवशी सांगितलेला — तांबा लागू द्यायचा नाय. हात घालताना अंगठी पन काढायची."

"मग तेव्हाच मला 'नाही' का म्हणाला नाहीस?"

तो पायाच्या अंगठ्याने ओटीवरची माती टोकरीत राहिला. "उनातून खांद्यावर घेऊन आलेले तुमी. मग रोज सकाळी समोर बसायचे बघायला. तुमाला नाय कसा म्हनू? थोडा थोडाच घातला. वाटला, सोसतील."

मग खांबाला पाठ लावली. "वाचा, गुरुजी."

हे पान ज्याच्या हाती पडेल त्याला असा एक तरी श्रोता लाभो. आणि त्याच्या तोंडून 'नाही' ऐकून घेता येईल एवढे मन नारायण त्याला देवो. वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो.